फाटकावरचा प्रश्न

"कोण गं बाई तू?" आप्पांनी विचारलं.

मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, भोपळ्याची भाजी आणि कडेला गुळाचा खडा. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर ऊन अजून रेंगाळत होतं. म्हणजे थोडा वेळ हातात होता.

"मी पद्मा, आप्पा."

"पद्मा शाळंत गेलीया."

"मीच ती. मोठी झालेय आता. जेवा बघू, दिवस मावळतोय."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, खोटं कशाला बोलतीस? चांगल्या घरातली दिसतीस." आणि दोन बोटांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

मी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली. मी आधी विनवलं, मग रागावले, मग जुना अल्बम आणून माझे शाळेतले, कॉलेजातले, ऑफिसातले फोटो एकापुढे एक मांडले. फोटो त्यांनी आवडीनं पाहिले. "पोरगी हुशार हाय माझी," म्हणाले. तोवर टाकीवरचं ऊन गेलं. आप्पा जन्मात कधी सूर्यास्तानंतर जेवले नव्हते. आमच्या जैन घरांतली जुनी माणसं हा नेम पाळतात, आणि आप्पांच्या डोक्यातून बाकी सगळं पुसलं गेलं तरी तो नेम जागच्या जागी होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, हात जोडले आणि पाण्याचा घोटही न घेता कॉटवर जाऊन आडवे झाले.

मी ताट उचलून ओट्यावर नेलं. किती संध्याकाळी तसं उचललं होतं, मोजायचंच सोडून दिलं होतं. सकाळचं जेवण ते कसंबसं घ्यायचे, तेही चहात बुडवलेली बिस्किटं. अंगावरचं बनियन खांद्यावरून घसरायला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती घरी सांभाळणं तुम्हाला एकटीला जमणार नाही.

एकटीच होते मी. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, आणि आप्पांना सांभाळायला आलेल्या बायका एकेक करून निघून गेल्या होत्या, कारण आप्पा त्यांनाही दिवसातून पन्नास वेळा कोण म्हणून विचारायचे. शेवटी मी पुण्यातल्या धायरीच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसूनच ऑफिसचं काम करायला लागले. माझा थोरला भाऊ, भरतदादा, बडोद्याला होता. त्यानं पनवेलजवळच्या वृद्धांच्या एका संस्थेत आप्पांसाठी खाट सांगून ठेवली होती. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता.

"पद्मे, तिथं नर्स आहेत, नळीची सोय आहे," तो फोनवर म्हणाला. "तू आवाजावरूनच थकलेली वाटतेस."

"ते स्वतःच्या हातानं जेवले तर?"

"जेवले तर कशाला नेऊ? मला काय हौस आहे?" मग म्हणाला, "पण जेवत नाहीत ना."

दादाचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर त्याचा जास्त राग येत होता.

त्या दिवसांत मी जे काम करत होते ते सांगायला लागलं की माणसं विषय बदलत. एका परदेशी विमा कंपनीचा जुनाट प्रोग्रॅम आमच्याकडे सांभाळायला होता. असे प्रोग्रॅम लहान लहान वस्तूंचे बनलेले असतात, त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात, आणि प्रत्येक ऑब्जेक्टला आपापलं काम येत असतं. समजा, दारात दूधवाला आला, पेपरवाला आला. शहाण्या घरात एवढंच म्हणायचं, "आणलंय ते ठेवा." दूधवाला दूध ठेवतो, पेपरवाला पेपर. पण घाईतला प्रोग्रॅमर आधी विचारतो, तू कोण? दूधवाला असशील तर हे, पेपरवाला असशील तर ते. उद्या इस्त्रीवाला आला की घर अडतं, आणि जिथं जिथं हा प्रश्न लिहिलाय तिथं तिथं जाऊन इस्त्रीवाल्याची भर घालावी लागते. एखादी जागा राहून गेली की बोंबाबोंब. त्या प्रोग्रॅममध्ये वीस वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी असे प्रश्न जागोजागी पेरून ठेवले होते. ते हुडकून काढणारं टूल मी बनवत होते. लाखो ओळींतून ते फिरायचं आणि जिथं जिथं "तू कोण" विचारलेलं असेल तिथं लाल खूण करायचं. माझा सहकारी तौसीफ मुजावर त्याला 'खबऱ्या' म्हणायचा.

म्हणजे दिवसभर मी मशीनला सांगायची, कोण म्हणून विचारू नकोस, आणि संध्याकाळी माझा बाप मला विचारायचा, कोण गं तू. याचं मला हसू यायला हवं होतं. पण हसायलाही अंगात थोडं बळ लागतं.

गुरुवारी दुपारी तौसीफचा व्हिडिओ कॉल आला. तो मिरजेचा, माझ्यापेक्षा लहान, आणि वाद घालायला सदा तयार.

"ताई, एक लाल खूण काढा. खबऱ्या इथं चुकतोय."

"कुठली?"

"बाहेरून क्लेम आत येतात ना, ती जागा. तिथं विचारायलाच पाहिजे, काय आलंय म्हणून. दवाखान्याकडून आलाय, गॅरेजकडून आलाय, की कचरा आहे."

"प्रश्न तो प्रश्न. एकाला सोडलं की प्रत्येक जण येऊन म्हणेल, माझाही सोडा."

"अहो, घरातल्या खोलीत बसून घरच्या माणसाला कोण म्हणून विचारणं वेगळं आणि फाटकावर विचारणं वेगळं. फाटकावर बसलेल्याला पलीकडचं काहीच माहीत नसतं. तो विचारणारच. त्याच्यावर लाल खूण कशाला?"

"तौसीफ, माझं डोकं चालत नाहीये आज. सोमवारी बोलू का?"

"सोमवारी तर क्लायंटला दाखवायचंय."

मी काही बोलणार एवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आप्पा उठून आले होते. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी स्क्रीनमधल्या तौसीफकडे पाहिलं, आणि त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

"कोण तुम्ही?" आप्पांनी विचारलं. "काय काम काढलंसा?"

मी ओशाळून कॅमेरा झाकायला हात पुढे केला. पण तौसीफ जराही गडबडला नाही. आप्पांनी सगळी नोकरी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीच्या फाटकावर केली, हे मी त्याला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं.

"माल आणलाय, मालक," तो म्हणाला.

"कसला?"

"कापसाच्या गाठी."

"कुठनं?"

"मिरजेहून."

"पावती हाय?"

"हाय की."

"मग घ्या ट्रक आत. डाव्या अंगाच्या गोदामाला लावा." आप्पांनी काठी वर करून वाट दाखवली. "आन च्या पिऊन जावा. उन्हाचं आलायसा."

एवढं बोलून ते खूश होऊन परत कॉटवर जाऊन बसले. मी बघतच राहिले. कितीतरी आठवड्यांत ते माझ्याशी एवढं सरळ बोलले नव्हते. खरं सांगायचं तर मला तौसीफचा मत्सर वाटला. ज्यांना मी न्हाऊमाखू घालत होते, ते एका स्क्रीनमधल्या परक्या मुलाला चहा पाजायला निघाले होते.

"तुला हे कसं सुचलं?"

"माझे आजोबा ट्रकवर होते ना. ते सांगायचे, गिरणीच्या फाटकावर नाव सांगत बसायचं नाही, माल सांगायचा. नाव सांगितलं की वॉचमनला संशय येतो."

तेव्हा मला आठवलं. शाळेला सुटी असली की मी आप्पांचा डबा घेऊन फाटकावर जायची आणि त्यांच्या स्टुलाशेजारी बसायची. येणारे बरेचसे लोक आधी नाव सांगायचे, मी अमक्याचा भाचा, तमक्याचा जावई. आप्पा ऐकून घ्यायचे आणि परत विचारायचे, "ते असूं दे. काम काय?" काम पटलं की फाटक उघडायचं. भाच्या-जावयांना ते तासन्तास बाहेर उभं करायचे. "वळख सांगणाऱ्याला काय तरी फुकट पायजे असतंय," असं त्यांचं म्हणणं होतं. आणि मी महिनोन्महिने त्यांच्यासमोर उभी राहून ओळखच सांगत होते. मी पद्मा, मी तुमची मुलगी, हा बघा फोटो.

शुक्रवारी संध्याकाळी मी ताट वाढलं, ते घेऊन घराबाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि कोपरानं बेल वाजवली. शेजारच्या अनगळकाकू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. मला स्वतःच्याच दाराबाहेर ताट घेऊन उभी असलेली पाहून त्या क्षणभर थबकल्या. मी त्यांच्याकडे पाहून हसल्यासारखं केलं. मला त्या वेळी लाजसुद्धा वाटली नाही.

काठी टेकत आप्पा आले. दार उघडलं.

"कोण?"

"जेवण पोचवायला आलेय."

"कुणाचं?"

"आप्पा मगदूमांचं. फाटकावरच्या."

"मीच." ते बाजूला झाले. "ठेवा तिकडं."

मी ताट ठेवलं. आप्पा पाटावर बसावं तसं कॉटवर मांडी घालून बसले, हात पुसले आणि ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग दाराकडे.

"दुसरं कुठाय?"

"दुसरं काय?"

"दुसरं ताट."

"कुणाचं, आप्पा?"

"कुणाचं म्हंजे? पोरीचं! पद्मीचं." त्यांचा आवाज चढला. "एकच ताट आणून काय उपेग? मी जेवलो तर ती काय खाईल? एसटी लेट असतीया तिची. उपाशी येती पोर."

मी भिंतीला टेकले.

मी चौथीत असताना आई गेली. भरतदादा सांगलीला बोर्डिंगात होता. घरात आप्पा आणि मी, दोघंच. सकाळची पाळी करून आप्पा दुपारी घरी यायचे, स्वयंपाक करायचे आणि माझी वाट बघत बसायचे. दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं एका ताटात जेवायचो. हिवाळ्यात एसटीला उशीर झाला की मी अंधार पडल्यावर पोचायची. आप्पा म्हणायचे, "लहान पोरांना चालतंय, तू जेव." ताट वाढून झाकलेलं असायचं. ते जेवले की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, जेवले असतील.

तर आप्पांचं हे असं होतं. रोज संध्याकाळी एक अनोळखी बाई एकच ताट घेऊन यायची, आपणच पद्मा म्हणून खोटं सांगायची आणि खावा खावा म्हणून मागं लागायची. ते ताट नाकारत नव्हतेच. पोरीसाठी ठेवून देत होते. आणि मी ते रोज उचलून ओट्यावर रिकामं करत होते.

"आणते," मी म्हणाले. "विसरलेच होते. पोरीचं आणते."

मी दुसरं ताट वाढून आणलं. आप्पांनी दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून दुसऱ्यात ठेवला. भाकऱ्या हातात घेऊन त्यातली जास्त फुगलेली तिकडे सरकवली. मग माझ्याकडून एक रिकामं ताट मागून घेऊन पोरीच्या ताटावर झाकलं, खिडकीकडे बघून ऊन आहे याची खात्री केली, आणि जेवायला लागले. आमटी भुरकून प्याले. भाकरी संपवली. अजून मागितली. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी देता देता ओट्याशी उभी राहून रडले. कितीतरी दिवसांनी आलेलं ते रडू थकव्याचं नव्हतं.

शनिवारीही ते जेवले. मी दादाला कळवलं नाही. त्याला फोनवर पटलं नसतं.

रविवारी दुपार कलल्यावर बेल वाजली. मी आतून येईपर्यंत आप्पांनी दार उघडलं होतं. दारात दादा, हातात आप्पांच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी सूटकेस.

"कोण?"

"मी भरत, आप्पा." फार दिवसांनी बघत होता तो त्यांना. "ओळखलं नाही का? मी भरत."

"भरत बोर्डिंगात हाय," आप्पा म्हणाले आणि दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं.

मी आप्पांना कॉटवर बसवलं आणि बाहेर गेले. दादा जिन्याच्या पायरीवर बसला होता. मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर असलेला माणूस, पण शाळेतून घालवून दिलेल्या पोरासारखा दिसत होता.

"दादा, नाव सांगू नकोस. काम सांग."

"कसलं काम?"

"कसलंही. तुला जे द्यायचं असेल ते सांग. पण नाव नको."

त्यानं पुन्हा बेल वाजवली. दार उघडलं.

"कोण? काय काम काढलंसा?"

दादानं सूटकेसकडे पाहिलं. त्याचं खरं काम तो काय सांगणार होता? सूटकेस त्यानं हळूच पायामागे सरकवली.

"बोर्डिंगातून निरोप आणलाय," तो म्हणाला. "भरत बरा आहे. अभ्यास करतोय."

आप्पांचा चेहरा उजळला. "जेवतोय का नीट?"

"जेवतो."

"रडत न्हाई न्हवं रातीचं?"

दादानं नुसती मान हलवली.

"या, आत या. एवढ्या लांबनं आलायसा. जेवून जावा."

ती सूटकेस रिकामीच परत गेली, हे वेगळं सांगायला नको. आप्पा पुढे दोन वर्षं माझ्याचकडे राहिले आणि माझ्याचकडे गेले. मी रोज संध्याकाळी बाहेर जाऊन बेल वाजवायची, आणि अनगळकाकूंनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. सोमवारी क्लायंटला दाखवायच्या आधी मी तौसीफची लाल खूण काढून टाकली. खबऱ्याला एक गोष्ट नव्यानं शिकवली, की फाटक कुठलं ते आधी बघायचं आणि तिथल्या प्रश्नाला हात लावायचा नाही. तौसीफला वाटलं तो वाद जिंकला. मी वाटू दिलं.

पण त्या रविवारच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी तीन ताटं वाढली. आप्पांनी त्यातलं एक नेहमीसारखं पारखून, गुळाचा खडा घालून झाकून ठेवलं. उरलेली दोन त्यांनी आणि दादानं घेतली. दादा जेवत कमी होता आणि आप्पांच्या हाताकडेच बघत होता. आप्पांनी भाकरी कुस्करून आमटीत कालवली आणि ताट पुसून घेतलं. ऊन टाकीवरून उतरत होतं तेव्हा ते हात धुऊन आले. मी खरकटं आवरत होते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून दादाला हळू आवाजात सांगितलं, पण मला ऐकू येईल एवढ्यानं.

"ही बाई आता आपल्या घरी जाईल. तुम्ही थांबणार न्हवं?"

"थांबणार आहे," दादा म्हणाला.

"मग एवढं करा. माझी पोरगी यायची हाय. आली की तेवढं ताट द्या तिला. आन आल्या आल्या कोण, कुठली, उशीर का झाला, काय इचारत बसू नका. लई दमून येती ती."

मग ते कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

दादानं माझ्या हातातली भांडी काढून घेतली. झाकलेलं ताट आणलं, जमिनीवर ठेवलं, वरचं ताट उचललं. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. मला त्यानं काहीही विचारलं नाही.

भाकरी गार झाली होती. मी गुळाच्या खड्यासकट सगळं जेवले.